आधी रस्ता, मग इमारत

(ठाण्यातील गृहनिर्माण संस्थांच्या पदाधिकाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, आपल्यापैकी बहुतेकांनी नगररचना विभागाची पायरी एकदा तरी चढलेली असेल. कोणी झोन दाखला काढायला गेला असेल, कोणी पुनर्विकासाचा प्रस्ताव कोणत्या टेबलावर अडकला आहे ते विचारायला, तर कोणी राहायला येऊन पंधरा वर्षे झाली तरी इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र का नाही, याचा शोध घेत. त्यामुळे हे खाते म्हणजे परवानगी देणारे किंवा अडवणारे खाते, अशी आपली समजूत होते. मी स्वतः ठाणे जिल्ह्यातील एका महापालिकेच्या नगररचना विभागात सत्तावीस वर्षे काम केले. सर्वेक्षक म्हणून लागलो आणि सहायक नगररचनाकार म्हणून निवृत्त झालो. आज मला सांगायचे आहे ते एवढेच की परवानगी हे या खात्याचे सर्वांत शेवटचे काम आहे. वस्ती येण्यापूर्वी तिच्यासाठी रस्ता, शाळा, मैदान आणि नाला यांची जागा राखून ठेवणे आणि ती जागा वेळेत हातात घेणे, हे त्याचे पहिले काम. ते पहिले काम उशिरा झाले, तर शेवटचे काम कितीही चोख केले तरी त्याचा उपयोग फार थोडा होतो.

या कामाला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. मुंबई इलाख्याचा १९१५ सालचा नगररचना कायदा हा देशातला अशा प्रकारचा पहिला कायदा. आज आपण ज्या कायद्याखाली आहोत तो महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ सालचा. त्याची अंमलबजावणी जानेवारी १९६७ पासून सुरू झाली. वर्तमानपत्रे ज्याला विकास आराखडा म्हणतात, त्याला या कायद्यात विकास योजना असे नाव आहे. शहराच्या हद्दीतील प्रत्येक तुकड्यावर काय करता येईल आणि काय करता येणार नाही, कोणता रस्ता किती रुंद होणार, कोणती जमीन कशासाठी राखून ठेवली आहे, हे सारे या योजनेचे नकाशे आणि त्यांच्या सोबतची नियमावली सांगतात. हा कागद मंजूर झाला की तो कायद्याइतकाच बंधनकारक असतो. आयुक्तांना, नगरसेवकांना, बिल्डरला आणि आपल्या सोसायटीलाही.

योजना तयार करण्याचा इरादा जाहीर झाल्यावर पहिली पायरी येते ती सध्याच्या जमीन वापराचा नकाशा तयार करण्याची. आज त्यासाठी उपग्रहाची छायाचित्रे आणि ड्रोन आहेत. मी नोकरीला लागलो तेव्हा अमोनिया प्रिंटवरचे गावनकाशे फळीला चिमट्याने लावून आम्ही दोघे सर्वेक्षक आणि एक शिपाई सर्व्हे नंबरमागून सर्व्हे नंबर पायी फिरत असू. राहत्या घरांना पिवळी पेन्सिल, कारखान्यांना जांभळी, मोकळ्या जागांना हिरवी. खाडीकडच्या एका शिवारात आम्ही भाताची खाचरे हिरवी रंगवून आलो. मोजणीत एक कोपरा राहिला होता म्हणून तीन आठवड्यांनी परत गेलो, तर त्या खाचरांत चुन्याच्या रेघा पडल्या होत्या आणि चार ठिकाणी जोती उभी होती. बांध तसेच होते, बांधांवरची शेवग्याची झाडेही तशीच होती, फक्त पाण्याच्या जागी खडीचे ढीग होते. मी नकाशावरचा हिरवा रंग खोडरबराने पुसला, कागद थोडा फाटला, आणि त्यावर पिवळा भरला. नोकरीत मला ज्या प्रश्नाशी आयुष्यभर झुंजावे लागले, तो मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळला. आमच्या पेन्सिलीपेक्षा जमीन लवकर रंग बदलत होती.

त्यानंतर लोकसंख्येचा अंदाज बांधावा लागतो. पुढील वीस वर्षांत किती माणसे असतील, त्यांना किती शाळा, दवाखाने, बाजार, स्मशाने आणि मैदाने लागतील, याचे हिशेब करून जागा राखून ठेवाव्या लागतात. केंद्र सरकारच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूत्रांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी असे म्हटले आहे. आपल्या प्रभागात ती किती आहे, हे आपण प्रत्येकाने एकदा मनाशी मोजून पाहावे. ठाणे महापालिकेची लोकसंख्या १९९१ च्या जनगणनेत सुमारे ८ लाख होती, २००१ मध्ये ती साडेबारा लाखांच्या वर गेली आणि २०११ मध्ये १८ लाख ४१ हजार झाली. म्हणजे वीस वर्षांत दुपटीहून जास्त. एवढ्या वेगाने भरणाऱ्या शहराचा अंदाज बांधणे मुळातच कठीण, त्यात २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही, त्यामुळे अलीकडे योजना आखणाऱ्यांना २०११ चेच आकडे पुढे ढकलून हिशेब करावे लागले आहेत.

आता या पद्धतीतली सर्वांत अवघड गोष्ट सांगतो. आराखड्यात हिरवा तुकडा दाखवून त्यावर 'क्रीडांगण' आणि एक क्रमांक लिहिला, म्हणजे क्रीडांगण झाले असे होत नाही. ती जमीन कोणाची तरी असते, बहुतेक वेळा एखाद्या शेतकरी कुटुंबाची. महापालिकेने पैसे मोजून ती घ्यावी, किंवा मालकाला जमिनीच्या बदल्यात विकास हक्क प्रमाणपत्र द्यावे, ज्याला आपण सगळे टीडीआर म्हणतो, म्हणजे दुसरीकडे जादा बांधकाम करण्याचा किंवा विकण्याचा हक्क, किंवा मालकाने काही भागात ती सुविधा बांधून द्यावी आणि उरलेल्या भागावर स्वतःचे बांधकाम करावे, असे मार्ग आहेत. यांपैकी काहीच दहा वर्षांत झाले नाही, तर कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे मालक नोटीस देऊ शकतो. ती नोटीस मिळाल्यापासून २४ महिन्यांत जमीन घेतली गेली नाही किंवा घेण्याची ठोस कारवाई सुरू झाली नाही, तर आरक्षण आपोआप गळून पडते. पूर्वी ही मुदत याहून पुष्कळ कमी होती. मालकाच्या बाजूने पाहिले तर हे कलम न्याय्यच आहे, कारण स्वतःच्या जमिनीवर घर बांधता येत नाही आणि मोबदलाही मिळत नाही, अशा अवस्थेत कोणाला किती वर्षे ठेवावे?

माझ्याकडे असा एक शेतकरी दर वर्षी पावसाळा संपला की येत असे. प्लॅस्टिकच्या पिशवीत सातबारा, फेरफाराचे उतारे आणि मोजणीचा नकाशा, सगळे घडी घालून ठेवलेले. त्याच्या आणि त्याच्या भावांच्या ४२ गुंठ्यांवर क्रीडांगणाचे आरक्षण होते. "साहेब, घ्यायची तर घ्या, नाहीतर सोडा," एवढेच तो म्हणत असे. त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात भूसंपादनासाठी जेवढी तरतूद होती ती रस्त्यांना पुरत नव्हती, म्हणून मी त्याला पुढच्या वर्षी यायला सांगत असे. हे मी सांगितले आहे, दुसऱ्या कोणी नाही. सहाव्या-सातव्या वर्षी त्याच्या दोन भावांनी आपला हिस्सा गुंठ्यागुंठ्याने विकून टाकला. त्यावर पत्र्याच्या चाळी झाल्या, मग विटांच्या, मग एक मजला चढला. दहा वर्षे पूर्ण झाल्यावर उरलेल्या हिश्श्यासाठी त्याने वकिलामार्फत नोटीस दिली आणि ते आरक्षण गेले. नकाशावर तो तुकडा पुढे कितीतरी वर्षे हिरवाच छापला जात होता. तिथल्या मुलांना मी संध्याकाळी रिक्षांच्या मधून क्रिकेट खेळताना पाहिले आहे.

हे एका तुकड्याचे झाले. संपूर्ण शहराचे काय झाले ते ठाण्याच्या इतिहासात पाहता येते. ठाण्याची नगरपालिका १८६३ सालची, म्हणजे जुन्या नगरपालिकांपैकी एक. १ ऑक्टोबर १९८२ रोजी आजूबाजूची गावे जोडून महापालिका झाली. या वाढीव हद्दीचा विकास आराखडा शासनाने मंजूर केला तो १९९९ साली, आणि त्यातून वगळलेल्या भागाची मंजुरी २००३ साली आली. मधल्या सतरा वर्षांत मुंबईत घर न परवडणारी कुटुंबे थांबून राहिली नाहीत. वागळे इस्टेटच्या कारखान्यांत काम करणारा कामगार, दादर-परळहून सुटलेला गिरणी कामगार, कोकणातून आणि घाटावरून आलेला तरुण, या सगळ्यांना राहायला जागा हवी होती आणि ती त्यांना किसननगर, लोकमान्यनगर, कळवा, मुंब्रा इथे मिळाली. परवानगी नसलेल्या त्या इमारती उभ्या राहिल्या, याचा दोष बांधणाऱ्यावर आहेच, आणि ज्यांनी डोळेझाक केली त्यांच्यावरही आहे. परंतु अधिकृत मार्गाने परवडणारे घर उपलब्ध करण्याची वाट ज्या काळात आखायला हवी होती, त्या काळात ती आखली गेली नाही, हेही तितकेच खरे आहे. शीळफाट्याजवळ ४ एप्रिल २०१३ रोजी बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळून ७४ जण मृत्युमुखी पडले. त्यांत लहान मुले होती. त्या आठवड्यात मी कार्यालयात नीट काम करू शकलो नाही.

आता त्याच काळातले एक चांगले उदाहरण. १९९० च्या दशकाच्या अखेरीस टी. चंद्रशेखर ठाण्याचे आयुक्त होते तेव्हा शहरातले रस्ते रुंद झाले, हे आपल्यातल्या ज्येष्ठांना आठवत असेल. आराखड्यातली रस्त्याची रेघ कित्येक वर्षे दुकानांच्या आणि घरांच्या मधून जात होती. ती जमिनीवर उतरवायची तर कोणाचा ओटा, कोणाची पागडीची खोली, कोणाच्या दुकानाचा पुढचा अर्धा भाग जाणार होता. ज्यांचे गेले त्यांचे दुःख लहान नव्हते आणि त्या वेळच्या कारवाईच्या पद्धतीबद्दल मतभेद होते. तरीही आज त्या रस्त्यांवरून बस, पाण्याचा टँकर आणि अग्निशमन दलाची गाडी जाऊ शकते, ती तेव्हा रेघ जमिनीवर उतरली म्हणून.

खाडीच्या पलीकडे हेच काम अगदी उलट्या क्रमाने झाले. मुंबईचा भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, ही कल्पना वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया व प्रविणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांनी १९६० च्या दशकात मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडको, म्हणजे नवे शहर वसवण्यासाठीचे राज्य सरकारचे महामंडळ, स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या पट्ट्यातल्या ९५ गावांचे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र नव्या शहरासाठी निश्चित झाले. इथे आधी सर्व खासगी जमीन सरकारने संपादित केली, मग रस्ते, गटारे, पाणी आणि विजेची व्यवस्था झाली आणि मग सेक्टर पाडून भूखंड भाडेपट्ट्याने दिले गेले. भूखंडांच्या विक्रीतून जो पैसा आला त्यातून पुढच्या नोडचा, म्हणजे पुढच्या वसाहतीचा, खर्च भागला. मानखुर्दहून वाशीकडे जाणारी रेल्वे १९९२ मध्ये सुरू झाली, तिच्या खर्चाचा जवळजवळ दोन तृतीयांश वाटा सिडकोने उचलला होता. भरतीच्या पातळीखालच्या जमिनीवर भराव टाकून वसाहती केल्या, म्हणून पावसाचे पाणी भरती ओसरेपर्यंत साठवून ठेवणारे धारण तलाव वाशी, बेलापूर अशा ठिकाणी सुरुवातीपासून आखलेले आहेत. हे तलाव म्हणजे पडीक जागा नव्हेत. ते भरून टाकून तिथे काही बांधावे असे कोणी सुचवले, तर नवी मुंबईच्या नागरिकांनी त्याला ठामपणे विरोध केला पाहिजे, कारण मुसळधार पाऊस आणि भरती एका वेळी आली की वाशीचे घर कोरडे राहते ते या तलावांमुळे. पाण्याचेही तसेच. नवी मुंबई महापालिकेकडे मोरबे हे स्वतःच्या मालकीचे धरण आहे. ठाण्याला स्वतःचे धरण नाही. भातसा नदीवरची योजना, स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका, अशा चार ठिकाणांहून आपले पाणी येते.

म्हणून काही जण म्हणतात की नवी मुंबईची पद्धत बरोबर आणि ठाण्याची चुकीची. मी तसे म्हणणार नाही. जमीन आधी ताब्यात घेतली की आखणी सोपी होते, परंतु ती जमीन ज्या आगरी आणि कोळी कुटुंबांची होती त्यांना मोबदला इतका कमी मिळत होता की जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात आंदोलन पेटले, गोळीबार झाला आणि पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. ती पुढे इतर प्रकल्पांसाठीही नमुना ठरली. पण दुसरी एक चूक तशीच राहिली. सेक्टर आखताना मूळ गावठाणे आराखड्याच्या बाहेरची बेटे असल्यासारखी सोडून दिली गेली. घरातली मुले मोठी झाली, कुटुंबे वाढली, गावठाणाचा विस्तार वेळेत झाला नाही, आणि लोकांनी आपल्याच जुन्या शेताच्या कडेला घरे बांधली. आज ज्यांना 'गरजेपोटीची घरे' म्हणतात ती हीच. घणसोलीत किंवा कोपरखैरण्यात सेक्टरच्या रुंद रस्त्यावरून गावात वळलात की पन्नास पावलांत हा फरक पायाखाली कळतो. याच शहरात नगररचनेचे अधिकार अनेकांच्या हाती विभागलेले आहेत हेही लक्षात घ्यावे. सिडको आहे, ठाणे-बेलापूर पट्ट्यासाठी एमआयडीसी आहे, आणि १ जानेवारी १९९२ ला स्थापन झालेल्या महापालिकेचा स्वतःचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध व्हायला २०२२ साल उजाडले.

ठाण्यात जमीन खासगीच राहिली. त्यामुळे इथे विभागाच्या हाती मुख्य साधन उरते ते परवानगीचे, आणि म्हणून नियमावली समजून घेणे आपल्याला आवश्यक आहे. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही विशेष क्षेत्रे वगळता साऱ्या महाराष्ट्राला एकच एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तिच्यात पायाभूत चटई क्षेत्र निर्देशांक (एफएसआय), म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल तो आकडा, जुने दाट वस्तीचे भाग सोडले तर १.१० आहे. त्यावर अधिमूल्य भरून आणि टीडीआर वापरून किती वाढ करता येईल, हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते. ९ मीटरपेक्षा अरुंद रस्ता असेल तर काहीच वाढ नाही. ९ ते १२ मीटरच्या रस्त्यावर एकूण २ पर्यंत जाता येते आणि ३० मीटर किंवा त्याहून रुंद रस्त्यावर ३ पर्यंत. जिने, बाल्कनी अशांसाठीचे पूरक क्षेत्र वेगळे. या एका तक्त्यात नगररचनेचे मर्म आहे. जिथे रस्ता माणसे आणि गाड्या पेलू शकतो तिथेच दाटी वाढू द्यायची. आपल्या सोसायटीच्या पुनर्विकासाचे गणित जुळते की नाही हे विकासकाच्या आश्वासनावर ठरत नाही, ते दारासमोरचा रस्ता प्रत्यक्षात किती मीटर आहे यावर ठरते. कागदावर १२ आणि टेपने मोजल्यावर साडेआठ, अशी स्थिती असेल तर त्याचा निकाल आधी लावून घ्यावा.

याच नियमावलीत एक एकराच्या आसपासचा, म्हणजे ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठा भूखंड असेल तर १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते, आणि २०,००० चौरस मीटरपासून पुढे सुविधा भूखंडासाठी ५ टक्के क्षेत्र द्यावे लागते. या अटीचे महत्त्व ठाण्याइतके कुठेच नसेल. पोखरण रस्ता, माजिवडे, कोलशेत, घोडबंदर या भागांत एके काळी मोठमोठे कारखाने होते. ते बंद झाले आणि त्या जमिनी औद्योगिक वापरातून निवासी वापरात आल्या. नकाशावरचे जांभळे तुकडे एकामागून एक पिवळे झाले. कारखान्याच्या भोंग्यावर ज्यांचे घर चालत होते त्या कामगारांचे काय झाले हा वेगळा आणि मोठा विषय आहे. नगररचनेपुरते बोलायचे तर एका मालकाची विस्तीर्ण सलग जमीन निवासी होत असते, तेव्हाच शाळेला, दवाखान्याला, बस डेपोला जागा मिळण्याची संधी असते, आणि अशी संधी त्या जमिनीच्या बाबतीत पुन्हा येत नाही. काही ठिकाणी ती साधली गेली. काही ठिकाणी सुविधेचा तुकडा नाल्याच्या काठी, टेकडीच्या उतारावर किंवा संकुलाच्या अगदी मागच्या कोपऱ्यात दिला गेला, क्षेत्रफळ कागदावर भरले आणि उपयोग झाला नाही. अभिन्यास, म्हणजे भूखंडाचा लेआउट, मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याने तिथे स्वतः जाऊन उभे राहिले पाहिजे, एवढी साधी शिस्त यावर पुरेशी ठरली असती असे मला आजही वाटते.

घोडबंदरकडे इमारती आल्या त्या वेगाने पाणी आले नाही. २०१७ साली या भागातल्या पाणीटंचाईचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि न्यायालयाने नव्या बांधकामांच्या परवानग्यांवर काही काळ निर्बंध घातले. न्यायालयाला हे सांगावे लागले याची नगररचनेत काम केलेल्या माणसाला खंत वाटली पाहिजे. पाणीपुरवठा विभागाचे ना-हरकत पत्र प्रस्तावाला जोडलेले असते, पण प्रत्येक प्रस्ताव एकेकटा तपासला जातो. दहा प्रस्ताव स्वतंत्रपणे बरोबर असतात, पण त्यांची बेरीज त्या परिसराला झेपत नाही. ही बेरीज करणे कायद्याने नेमके कोणाचे काम आहे, असे विचाराल तर ते विकास योजनेचेच आहे. आता त्याच पट्ट्यातून वडाळा ते कासारवडवली ही मेट्रोची चौथी मार्गिका जात आहे. तिच्या स्थानकांपर्यंत चालत जाण्याच्या वाटा आजच राखल्या गेल्या नाहीत, तर प्रत्येक संकुलाच्या भिंतीला वळसा घालून स्थानक गाठावे लागेल.

जुन्या अनधिकृत वस्त्यांसाठी आपल्याकडे समूह विकास, म्हणजे क्लस्टर योजना हाती घेतली आहे. किसननगरमध्ये २०२३ साली तिचे भूमिपूजन झाले. एकेक इमारत पाडून तिथेच उंच इमारत उभी करण्यापेक्षा सगळा परिसर एकत्र घेऊन रस्ते, मोकळी जागा आणि शाळा यांच्यासह नव्याने आखणे, हा विचार योग्य आहे, आणि त्याचे यश मी एकाच गोष्टीवर मोजेन. पुनर्वसनाच्या इमारतींना त्यांचा रस्ता आणि मैदान त्यांच्याच टप्प्यात मिळते की विक्रीच्या इमारतींनंतर, हे आपण प्रत्येक टप्प्याला विचारले पाहिजे.

आता आपल्या हातात काय आहे ते सांगून थांबतो. कायद्याने आराखड्याची सुधारणा साधारण वीस वर्षांतून एकदा व्हावी लागते. ठाण्याचा सुधारित प्रारूप आराखडा २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झाला. प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर ठरावीक मुदतीत हरकती आणि सूचना मागवल्या जातात आणि नियोजन समिती सुनावणी घेते. या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे तज्ज्ञ असतात. योजना मंजूर झाल्यावरही फेरबदलाची कार्यवाही होते, तीही जाहीर सूचना देऊन, आणि तेव्हाही हरकत घेता येते. अशा सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात येतात. सोसायटीच्या सचिवांनी त्या कापून सूचना फलकावर लावाव्यात, अशी माझी विनंती आहे.

हरकत कशी लिहावी, याचे मी पाहिलेले एक उदाहरण देतो. एका प्रारूप आराखड्यात १२ मीटरचा रस्ता वस्तीतल्या नाल्याच्या वळणावरून दाखवला होता. मूळ गावनकाशा जुना होता आणि नाल्याचा प्रवाह मधल्या काळात बदलला होता, म्हणून ती चूक झाली होती. एका बाजूने दोनशे जणांनी एकाच मजकुराच्या छापील प्रती सह्या करून दिल्या, "आमचा या रस्त्यास विरोध आहे" एवढ्याच. त्यांची सुनावणी एकत्रित झाली आणि एका ओळीत निकाली निघाली. त्याच वस्तीतल्या एका निवृत्त शिक्षिकेने वेगळा अर्ज दिला. त्यांनी भाग नकाशाची अधिकृत प्रत काढली होती, त्यावर आजचा नाला निळ्या शाईने दाखवला होता, जुलैच्या पावसात मोरीवरून पाणी वाहत असतानाची तीन छायाचित्रे तारखेसह जोडली होती. रस्ता नको, असे त्यांचे म्हणणे नव्हते. सोसायटीच्या मागून जी ९ मीटरची वाट आहे तीच रुंद करून १२ मीटरची करा, म्हणजे मोरी दोनदा ओलांडावी लागणार नाही, असे त्यांनी सुचवले होते. समितीपुढे त्या जेमतेम सात-आठ मिनिटे बोलल्या. त्यानंतर समितीने जागेवर जाऊन पाहणी केली आणि रस्ता त्यांनी सांगितल्याप्रमाणे सरकला. त्या रुंदीकरणासाठी त्यांच्या स्वतःच्या सोसायटीची मागची भिंत दीड मीटर आत घ्यावी लागणार होती. तशी ती घेण्यास सर्व सभासदांची संमती आहे, असा सर्वसाधारण सभेचा ठराव त्यांनी हरकतीच्या अर्जाला शेवटचे पान म्हणून जोडला होता.